साक्षीदाराची खुर्ची

तीर्थरूप आईस,

आधी नीट टेकून बस, मग माझा नमस्कार घे.

प्रशिक्षण बरं चाललंय. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर मिळतं. न्यायाधीश असून रोज बाकावर बसते, एवढंच.

काल मात्र माझा नुसता जळफळाट झाला. इथे न्यायाधीश, कारकून सगळ्यांचं मिळून लुटुपुटूचं कोर्ट भरवलं आणि चिठ्ठ्या टाकून कामं वाटली. माझा कारकून, तुझा तो लाडका, झाला न्यायाधीश आणि मी साक्षीदार! पिंजऱ्यात उभं राहून दहा मिनिटांत माझे पाय भरून आले. तोच स्वारी म्हणाली, "बाईंना खुर्ची द्या. पाणी घ्या, घाई नाही." टाळ्यांचा कडकडाट! माझ्यासाठी न्यायाधीशपदाच्या नऊ वर्षांत कुणी एक टाळी वाजवली नाही.

चहाच्या वेळी मी त्याला फणकाऱ्यानेच विचारलं, "हे एकदम कसं सुचलं?"

"सुचलं नऊ वर्षांपूर्वीच, मॅडम. पण हुकूम तुम्ही करायचा असतो."

तुझे गुडघे कसे आहेत? दवाखान्यात रांगेत उभी राहू नकोस, सरळ खुर्ची माग.

कोर्टात परतल्याबरोबर मी साक्षीदारांसाठी खुर्ची मागवणार आहे. ते मागणीचं पत्र मात्र मी स्वतः लिहीन, त्याला लिहू देणार नाही.

तुझी, अजून धुसफुसणारी,
थोरली