साडेबाराची सही

इंदूताईले जय भीम.

तूही नागपूरले सिस्टर आहेस, म्हणून हे तुलेच लिहून राहिली. रायपूर राजधानी झालं तसे पेशंट दुप्पट झाले, सिस्टर मात्र तेवढ्याच. मंगळवारी सलग अकरावी नाइट करून मी तात्यापाऱ्यातल्या खोलीवर आली अन् अंथरुणावर पडली. दुपारी चार वाजता जाग आली, तर अंगात युनिफॉर्म, पायात बूट. वाटलं, थकव्यानं तशीच झोपली असंन.

रात्री आठ वाजता परत ड्यूटीवर गेली. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भाजलेला फिरतूराम आमच्या वॉर्डात आहे. त्याची बायको म्हणाली, “दीदी, दोपहर को आप सुई लगाके गए, तब से उठे नहीं.”

मी रजिस्टर पाहिलं. त्याची दुपारची झोपेची सुई दिवसपाळीच्या रीटा सिस्टरनं दिलेलीच होती. त्याखाली, साडेबारा वाजता, दुसरी सुई. सही माझी.

त्याचा श्वास फार हळू चालला होता. मी धावत डॉक्टरले आणलं, सगळं कबूल केलं. पहाटे तो शुद्धीवर आला. मले पाहून त्यानं अंग चोरलं.

“दीदी, सुई लगावत बेरा तोर आँखी मुंदाय रिहिस.”

माझे डोळे मिटलेले होते, ताई.

मले रजा दिली आहे. झोपताना घरमालकीण बाहेरून कडी लावते. हे पत्र तुले पाठवणार नाही. वाचलं तर तुझीही झोप उडंल. पण सारखं मनात येते, नाइट करून तू दिवसा एकटी झोपतेस, तेव्हा तुझ्या दाराले कडी कोण लावते?

तुझी
शर्मिष्ठा