बुवांच्या छप्पन्न बाजू

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११
आजपासून रोजनिशी. दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

ग्रंथालयाच्या श्रवणकक्षात, म्हणजे माझ्या खोलीत, अठ्ठावीस रेकॉर्ड आल्या आहेत. सगळ्या एकाच चेक संगीतकाराच्या. गावातले दातांचे डॉक्टर गेल्या वर्षी वारले, त्यांचा हा संग्रह. त्यांच्या पत्नीनं महिनाभरासाठी इथे ठेवला आहे. आम्ही नीट सांभाळला आणि लोकांना ऐकवला तर कायमचा आमचा, नाहीतर दुसऱ्या गावच्या संगीत विद्यालयाला. ग्रंथपाल मॅडमनी स्पष्ट सांगितलं की वर्षभरात तुमच्या खोलीत एकोणीस माणसं आली, त्यांतली सात पंख्याखाली बसायला. रेकॉर्ड गेल्या तर खोली बंद, आणि तुम्ही खाली दारात, पिशव्यांच्या काउंटरवर.

अकरा वर्षं झाली मला या खोलीत. मी म्हणालो, मॅडम, काळजी करू नका. त्या म्हणाल्या, मी करतच नाहीये, तुम्ही करा.

योजना: अठ्ठावीस रेकॉर्ड म्हणजे छप्पन्न बाजू. रोज चार बाजू शांत बसून ऐकायच्या, प्रत्येकीचं कार्ड लिहायचं. चौदा दिवसांत संपतं. उरलेले तीन दिवस भाषणाला. २४ तारखेला शनिवारी कार्यक्रम, डॉक्टरीणबाई पाहुण्या. सोपं आहे.

त्याच दिवशी, दुपारी
संगीतकाराचं नाव उच्चारता येत नाही. एका अक्षरावर पक्षी बसल्यासारखी खूण आहे. मॅडम एक म्हणतात, शेजारच्या खोलीतला बाइंडर दुसरंच म्हणतो. मी सोयीसाठी 'बुवा' ठरवलं, बाइंडरलाही ते पटलं. एवढं काम केलेल्या माणसाला बुवा म्हणण्यात काही चूक नाही.

आज बाजू: शून्य. टेबल पुसलं.

६ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी देवापुढे हात जोडून मागितलं, मन स्थिर राहू दे. दुसरं काही मागितलं नाही.

रेकॉर्ड वाजवायच्या मशीनला दोन वेग आहेत, मिनिटाला तेहेतीस फेरे आणि पंचेचाळीस. माझ्या आधीचे गुरुजी निवृत्त होताना एकच गोष्ट सांगून गेले. मोठी रेकॉर्ड तेहेतीसवर, छोटी पंचेचाळीसवर, बाकी मशीनमध्ये बोटं घालायची नाहीत. बुवांच्या सगळ्या रेकॉर्ड मोठ्या. म्हणून वेगाचा खटका तेहेतीसवर ठेवून वरून चिकटपट्टी लावली. आता चूक व्हायला जागाच नाही.

पहिली बाजू लावली. वाद्यवृंद. फार गंभीर. चौथ्या मिनिटाला खिडकी लावायला उठलो. सहाव्याला उघडायला. नवव्याला आठवलं की पायऱ्यांवरचा दिवा चालू राहिला असेल. नव्हता. परत आलो तर सुई मध्यभागी पोचून खरखरत होती.

पाय स्वस्थ बसत नाहीत. हा माझ्या मनाचा दोष. बुवांचा नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार
दोन महत्त्वाचे शोध.
एक. प्रत्येक लेबलवर बारीक अक्षरात ४५ छापलं आहे. साल असणार. पंचेचाळीस साली बुवांनी अफाट काम केलेलं दिसतं.
दोन. कव्हरवर छापलेल्या वेळा साफ चुकीच्या आहेत. जिथे सोळा मिनिटं लिहिलंय तिथे माझ्या घड्याळात साडेएकवीस भरतात. चार बाजू तपासल्या, चारही चूक. परदेशी कंपन्या निष्काळजी असतात असं ऐकून होतो. कार्डांवर लाल शाईनं खऱ्या वेळा लिहिल्या. मॅडमना दाखवलं. त्या फोनवर होत्या, मान हलवली. त्यांना कौतुक वाटलं असावं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
बाइंडर तक्रार घेऊन आला. म्हणाला, तुमचे बुवा वाजायला लागले की माझा हातच उचलत नाही. रोज बारा पुस्तकं शिवतो, काल आठ झाली. सुई खुपसली की वाटतं, घाई काय आहे. मग म्हणाला, यांना झोप आली होती का हो हे करताना?

मी त्याला समजावलं की याला संथपणा म्हणतात आणि तो कमवावा लागतो. तो म्हणाला, मला पुस्तकं कमवायची आहेत, दार लावून घ्या.

दार लावलं. बंद खोलीत अस्वस्थता वाढली. उघडलं.

१० फेब्रुवारी, शनिवार
चष्मा घरी विसरलो म्हणून ही घेऊन आली. मी तिला खुर्ची दिली, म्हटलं, ऐक, चौघांचं तंतुवाद्य आहे. तिनं बरंच ऐकलं. मग विचारलं की हे आजारी आहेत का. मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, चौघेही.

तिला यातलं कळत नाही, पण लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी मनावर घेत नाही. जाताना म्हणाली, तुम्ही मात्र पंधरा मिनिटांत पाच वेळा उठलात, मी मोजलं. मी म्हटलं, कामं असतात. ती म्हणाली, पडद्याची घडी करणं हे काम का?

१२ फेब्रुवारी, सोमवार
आतापर्यंत: वाद्यवृंद ६ बाजू, चौघांचं ३, गायन ०. पूर्ण ऐकलेल्या, म्हणजे खुर्चीवर बसून अखेरपर्यंत: शून्य. परंतु ऐकणं आणि बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आजपासून गायन. पहिल्याच रेकॉर्डवर घोटाळा. कव्हरवर बाईचा फोटो, खाली बाईचं नाव, आणि आत चक्क पुरुष गातो. जाड, खोल आवाज, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. दुसरी रेकॉर्ड, तोच प्रकार. गायनाच्या सहाही रेकॉर्डमध्ये एकसुद्धा बाई नाही. कार्डांवर 'गायिका' खोडून 'गायक' केलं. चुकीचा फोटो छापल्याबद्दल कंपनीला पत्र लिहावं का, विचार करतो आहे. इंग्रजी मी पाचवीपासून शिकलो. पत्रापुरतं येतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
रोज चार बाजू ही योजना मुळातच अविचारी होती. कुणी केली कळत नाही. नवी पद्धत: प्रत्येक बाजूची पहिली तीन मिनिटं. डॉक्टर नाडी बघतो तेव्हा काही दिवसभर हात धरून बसत नाही. या पद्धतीनं आज एकोणीस बाजू झाल्या.

आणि भाषणाचा विषय सापडला. बुवा हे संथतेचे साधक होते. शाळेत असताना गावच्या देवळात एक म्हातारे संध्याकाळी एकच ओळ पाऊणपाऊण तास म्हणत. आम्हा पोरांचे पाय वळवळायचे, ते हलत नसत. बुवांचं तेच आहे. जो स्वर एका सेकंदात संपला असता, त्यात ते तुम्हाला बसवून ठेवतात. माझी तगमग होते, कारण मी अजून तिथे पोचलेलो नाही. हे लिहिताना डोळे भरून आले. लगेच उठून पाणी प्यायलो.

चौदा पानं झाली.

२० फेब्रुवारी, मंगळवार
मुलीचा फोन. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. मागे रेकॉर्ड चालू होती. म्हणाली, बाबा, तुमचं मशीन बिघडलंय का, खेचल्यासारखं येतंय, स्पीड बघा ना. मी म्हटलं, तुमच्या पिढीला सगळं पळतं लागतं. ती म्हणाली, बरं बाबा. हे 'बरं बाबा' ती तिच्या आईकडून शिकली आहे.

मशीन पाहिलं. चिकटपट्टी जागेवर आहे.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. बावन्न मिनिटं. मधे दोनदा उठलो, पण उभ्यानंच म्हणत असल्यामुळे त्याला उठणं म्हणता येत नाही.

कळलं की डॉक्टरीणबाई कानाला यंत्र लावतात. आवाज चढा ठेवावा लागेल. बिचाऱ्यांना कितपत समजेल कुणास ठाऊक.

२४ फेब्रुवारी, शनिवार. रात्रीचं जेवण झालेलं नाही
लिहून टाकतो.

नऊ माणसं. त्यांत ही, बाइंडर आणि मॅडम धरून. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत, लहानखुऱ्या, काठी आडवी मांडीवर. माझं भाषण झालं. संथता, साधना, देवळातले म्हातारे, सगळं. बाई एकटक बघत होत्या. मी म्हटलं, आता बुवांचा, म्हणजे संगीतकारांचा, खर्जातला गायक ऐका. रेकॉर्ड लावली. आवाज चढा.

चार स्वर झाले असतील. बाईंनी काठी टेकली आणि उठल्या. मला वाटलं भारावल्या. त्या मशीनपाशी आल्या, वाकून बघितलं, नखानं चिकटपट्टी सोलली, आणि खटका सरकवला.

खोलीत एक बाई गायला लागली.

तरुण बाई. सरळ, मोकळा आवाज, सकाळी कुणी जिन्यावरून पळत खाली यावं तसा. सगळे खुर्च्यांवर ताठ झाले. बाइंडर मोठ्यानं म्हणाला, अहो, बुवा जागे झाले.

डॉक्टरीणबाईंनी लेबलवरच्या ४५ वर बोट ठेवून मला समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. काही मोठ्या रेकॉर्डही जलद फिरवायच्या असतात, हो, आमच्याकडच्या सगळ्या तशाच, हे शोधून शोधून तशाच आणायचे. मग म्हणाल्या, तुम्ही तीन आठवडे हे असं ऐकलंत? सगळं? मी म्हटलं, छप्पन्न बाजू. त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांना पण एवढा धीर नव्हता.

ही मागच्या रांगेत पदर तोंडावर धरून बसली होती. खांदे हलत होते. मी वळून पाहिलं नाही.

चौदा पानं खिशात घडी करून ठेवली. बाई गात होती. मी तिला दोन आठवडे पुरुष करून ठेवलं होतं.

२६ फेब्रुवारी, सोमवार
निर्णय झाला. डॉक्टरीणबाईंनी रेकॉर्ड ग्रंथालयाला दिल्या. खोलीही राहणार. एक अट: दर गुरुवारी अकरा वाजता, दार उघडं ठेवून, एक बाजू योग्य वेगानं पूर्ण वाजवायची, आणि हे काम खटका कुठे ठेवायचा ते कळणाऱ्या माणसाकडे द्यायचं. मॅडमनी बाइंडरची निवड केली. तो म्हणाला, मला काय कळतं त्यातलं, मी तर झोप येते एवढंच म्हणालो होतो. मॅडम म्हणाल्या, तेवढंच कळायला हवं होतं.

मला पिशव्यांचं काउंटर.

लाल शाईच्या वेळा आणि 'गायक' रबरानं पुसून मगच खाली जायचं आहे. शाई रबरानं पुसत नाही. तरीही माझ्यामुळेच खोली वाचली, हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखी गोष्टही नाही ती. देवाला माहीत आहे.

७ मार्च, गुरुवार. दुपारी २
काउंटरवर नऊ दिवस झाले. काम साधं. पिशवी घ्यायची, बिल्ला द्यायचा. बिल्ला घ्यायचा, पिशवी द्यायची. जागा सोडून उठता येत नाही.

अकरा वाजता वर बाइंडरनं रेकॉर्ड लावली. चौघांचं, तेच ते आजारी चौघे. जिन्यावरून खाली ऐकू येतं. काय पळतात. मग मधेच थांबतात, एक जण काहीतरी विचारतो, तिघे त्याला समजावतात, आणि परत निघतात. मी डोळे मिटले. पाय हलले नाहीत. खिडकी, दिवा, पडदा, काही आठवलं नाही. महिनाभर देवाकडे जे मागत होतो ते इथे, पिशव्यांच्या फळीखाली, न मागता मिळालं.

मधे कुणीतरी बिल्ला पुढे केला. मी डोळे न उघडता हातानं थांबवलं. आणखी एक बिल्ला आला. एक गृहस्थ म्हणाले, अहो साहेब, बस जाईल. मी म्हटलं, बाजू संपू द्या. मागून कुणी बाई म्हणाल्या, यांना बरं नाहीये का, पाणी द्या कुणीतरी.

सोळा मिनिटं. कव्हरवर छापलेली वेळ बरोबर आहे.

डोळे उघडले तेव्हा रांग दाराबाहेर गेली होती. मोजली. तेवीस माणसं, सगळी उभी, सगळी गप्प, सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. श्रवणकक्षातल्या माझ्या अकरा वर्षांत एका वेळी एवढे श्रोते कधी जमले नव्हते.

चार वाजता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं आहे. त्यांच्याही कानावर गेलं असावं.