साध्या पाण्याचा पेला

दि. ९ मार्च

ती. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिला की तू हसतेस, म्हणून साधाच नमस्कार. फोन हाताशी असताना हिला पत्राचं काय खूळ, असं म्हणशील. पूर्ण वाच, मग म्हण.

आम्ही मजेत. तुझे जावई गॅलरीत टोमॅटो लावून बसलेत. फळं लागलीत जेमतेम दोन, पण रुबाब बागाईतदाराचा. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमच्या प्रयोगशाळेत सध्या इंद्रावणाची फळं आलीत. दिसायला चेंडूएवढं कलिंगड, आणि आहेही त्याच्याच कुळातलं. पण इतकं कडू, की फोडल्यावर चुकून बोट चाटलं तरी दिवसभर जेवण जात नाही. जुने वैद्य हट्टी बद्धकोष्ठावर त्याचा गर द्यायचे, तोही चिमटीभर. जास्त झाला तर आतडी सोलून निघतात. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा. त्यांतलं काही सुजेवर चालतं का, ते आम्ही बघतोय. कडूपणा यंत्र मोजतंच, पण आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा जिभेवरही भरवसा. अर्क पाण्यात पातळ करत जायचा, घोट तोंडात घोळवून थुंकायचा, आणि कडू लागायचं थांबलं की सांगायचं. त्यात माझी जीभ सगळ्यांत तिखट. लहानपणी कडू काकड्या मीच निवडून काढायचे, आठवतं ना?

गेल्या आठवड्यात मात्र माझं पार हसं झालं. सगळ्यांना कडू लागायचं थांबलं, मला थांबेना. बाईंनी भांडी पुन्हा धुवायला लावली, अर्क नव्याने केला, सगळे माझ्यावर वैतागले. शेवटी बाईंनी न सांगता साध्या पाण्याचा पेला मध्ये ठेवला. मी तोंड वाकडं करून म्हटलं, "हा तर फारच कडू."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, तुला पाणी कडू लागतंय. घरी जा, तपासून घे. आणि आजपासून त्या फळाला हात लावायचा नाही."

कळलं ना, आई?

गेल्या वेळी बाळ राहिलं नाही, तेव्हापासून तू विचारणंच सोडलंस. माझ्यासमोर शेजारच्या सुनेचा विषयसुद्धा काढत नाहीस. पण या वेळी मी वेगळ्याच कारणाने घाबरले. याच फळाने गर्भ पडतो असं जुन्या पुस्तकांत लिहिलंय, आणि मी तेच तोंडात घोळवत होते. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. इतकं पातळ, तेही थुंकलेलं, त्याने काही बिघडत नाही म्हणाल्या. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काल त्यांनी मशीनवर ठोके ऐकवले. नुसते पळत होते गं. तुझे जावई तिथेच खुर्चीत बसून रडले, आणि मी त्यांना गप्प करत बसले.

फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मला एक शब्द बोलता आला नसता. म्हणून हे पत्र.

आता मला टेबलावरचं काम दिलंय. पाणी अजून कडूच लागतं, लिंबू पिळून पिते. भीती आहेच, पण मी खूश आहे, आई. खूप खूश आहे.

तू ये. येताना काही करून आणू नकोस, मला कशाचीच धड चव लागत नाही. नुसती ये, आणि रोज विचार, कसं आहे म्हणून. या वेळी मला सांगायचंय.

तुझी लेक,
आणि सोबत अजून एक