लाभाखालचं बटण

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२२ एप्रिल २०१०

प्रिय कुमार,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. पाकिटामागचं नाव वाचून तू वसूकडे बघितलं असशील आणि तिने तुझ्याकडे. घाबरू नका, घरी सगळे ठीक आहेत. शांतीचे गुडघे कुरकुरतात, पण त्यात नवीन काही नाही. जावयाला अहोजाहो करायची आमच्याकडे रीत आहे आणि मी पहिल्याच ओळीत ती मोडली. त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी तू माझ्या दारात उभा होतास तेव्हा मी तुला ‘तुम्ही’च म्हणालो होतो. ‘तुम्ही इथून निघा’ असं. तेव्हापासून तुझ्या बाबतीत तो शब्द मला नकोसा वाटतो. म्हणून तू.

गेल्या ऑक्टोबरात तू माझ्या लॅपटॉपचं वायरलेस चालू करून दिलंस, त्याचे आभार मानायचे राहिले आहेत. तू म्हणशील, मी कुठे काय केलं, ते तर गणूने केलं. थांब, गणूवर येतोच आहे. आभार मानायचे तर सगळी हकीकत क्रमाने सांगायची, अशी मला खोड आहे. एकोणीस वर्षं बंदरात टॅली क्लार्क होतो, जहाजातून उतरलेला एकही नग न टिपता सोडला नाही. वसू म्हणते की बाबा बाजारातून कोथिंबीर आणली तरी तिचा अहवाल देतात. म्हणत असेलच अजून.

तर कल्पेश गणपतीला मस्कतहून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी लॅपटॉप आणला आणि हॉलमध्ये फोनशेजारी इंटरनेटचा डबा बसवून दिला. लॅपटॉपवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली. म्हणाला, बाबा, याला व्हायरस लागत नाही आणि तुम्हाला उद्योग मिळेल. वायर लावून सगळं चाललं. वायरलेस मात्र चालेना, तोवर त्याची परत जायची वेळ झाली. जाताना एका मराठी मंडळींच्या ई-मेल गटाचा पत्ता देऊन गेला. इथे विचारा, लोक फुकट मदत करतात, म्हणाला. आपल्या मुलाचा चेहरा असा साळसूद दिसला की बापाने सावध व्हायला हवं, पण मी झालो नाही.

वायर लावून चालत होतं तर वायरलेसचा एवढा हट्ट कशाला, हे तू मला तेव्हा विचारलं नाहीस. बाकीच्या तिघा-चौघांनी विचारलं. त्यांना मी थाप मारली. खरं कारण आज लिहितो. आमचं घर सरकारने घेतलेल्या जमिनीपोटी मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरचं, तीन भावांचं. खालचा हॉल सगळ्यांचा. काशिरामदादा तिथे सकाळपासून पेपर घेऊन बसतो, धाकट्याची बायको तिथेच भाजी निवडते. याच हॉलमध्ये, तुमचं लग्न रजिस्टर झालं त्या संध्याकाळी, मी सगळ्यांसमोर हात आपटून सांगितलं होतं की या घरात वसूचं नाव निघता कामा नये. तुझी आई, चंद्रावतीबाई, मोरा बंदरावरून पाटीभर पापलेटं घेऊन आल्या होत्या. ती पाटीही मी पायरीवरून परत पाठवली. बाहेरचे लोक आगरी-कोळी एका दमात म्हणतात. मी मात्र, आम्ही आगरी आणि तुम्ही कोळी म्हणत, मधली ती बारकी रेघ धरून बसलो.

आणि मग गेल्या भाद्रपदात शांती मला पान वाढता वाढता म्हणाली की पोर रांगायला लागली. कुणाची पोर हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ती वसूशी चोरून फोनवर बोलते हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. व्हिडिओवर बघता येईल म्हणते वसू, एवढं बोलून ती ताक आणायला गेली. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडून बसलो. आता सांग, हॉलमध्ये दादाच्या पेपराशेजारी बसून मी नातीला कसं बघणार होतो? लांब वायर ओढली असती तर ती दादाच्या कोचाखालून, देवघराच्या उंबऱ्यावरून आमच्या आतल्या खोलीत गेली असती आणि घरातल्या अकरा माणसांनी विचारलं असतं की ही कुठे चालली. मला दार लावून बघायचं होतं. शब्दही मोडायचा नव्हता आणि नातही बघायची होती. असा लबाड माणूस तुला सासरा मिळाला आहे.

गटावर मी पहिलं पत्र टाकलं ते खाली पूर्ण नाव, गाव आणि हुद्दा लिहून. त्याला उत्तर आलं ‘गणू’ नावाच्या माणसाचं. काका, काळजी करू नका, करू आपण. मग तीन आठवडे तो माझ्यामागे लागला, की मी त्याच्यामागे, कोण जाणे. आधी कळलं की वायरलेसचं कार्ड मशीनला दिसतंय, पण त्याला लागणारी फर्मवेअर नावाची फाइल लिनक्ससोबत येत नाही, ती वेगळी उतरवून घ्यावी लागते. ती घेताना नऊ वेळा माझी आज्ञा मशीनने धुडकावली. कारण काय, तर ‘sudo’ हा आज्ञेचा पहिला शब्द मी मोठ्या एसने लिहीत होतो. वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने करायची हे शाळेत छडी खाऊन शिकलो होतो, ते असं अंगाशी आलं. गणू हसला नाही. लिहिलं, काका, तुमचं इंग्रजी बरोबर आहे, पण या मशीनला शाळा नाही.

फाइल बसली. कार्ड जागं झालं, त्याला नावही मिळालं. पण नेटवर्क एकही सापडेना. मी रोज दुपारी पडद्यावर काय उमटलं ते वहीत उतरवून घ्यायचो आणि मग टाइप करून पाठवायचो. तो प्रत्येक आज्ञेखाली लिहायचा की ही कशासाठी, हिचं उत्तर काय यायला हवं, आणि चुकलं तरी काही मोडणार नाही. माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या शांतपणे काही शिकवलेलं नाही. आणि मी काय केलं? एके दिवशी वैतागून लिहिलं की तुमचं हे फुकटचं लिनक्स तुम्हालाच लखलाभ, तुमच्याने होत नसेल तर तसं सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उत्तर हजर. काका, होणार. फक्त आज एकही ओळ न गाळता पाठवा.

ओळ मी गाळत होतो, हे त्याने ओळखलं होतं. मी, टॅली क्लार्क! एका ओळीत ‘kill’ असा शब्द होता. कुणाला मारायचंय ते कळेना, घरात नवरात्र चालू होतं, म्हणून सुरुवातीलाच मी ती सोडून दिली होती आणि पुढे रोज सोडत गेलो. त्या दिवशी नाइलाजाने लिहून पाठवली. अर्ध्या तासात उत्तर आलं. ते मी छापून कपाटात ठेवलंय, त्यामुळे शब्दन् शब्द देतो. ‘मामा, सापडलं! कार्डाचा रेडिओ बटणाने बंद केलेला आहे. बटण पुढच्या कडेला उजव्या बाजूला असतं. तिथे खंडेनवमीला लाभ चिकटवलाय का? तो काढून बघा.’

चिकटवला होता. आमच्या घरी खंडेनवमीला मिठागरातली जुनी फावडी पाटावर मांडतात आणि त्यांच्यासोबत मिक्सर, इस्त्री, दादाची गाडी, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. शांती बाजारातून शुभ-लाभच्या लाल पट्ट्या आणते आणि हाताला येईल त्याला लावते. लॅपटॉपच्या झाकणावर नको, हात लागतो, म्हणून आम्ही पुढच्या कडेला लावल्या, दाराच्या चौकटीला लावतात तशा, डावीकडे शुभ, उजवीकडे लाभ. लाभ नीट बसावा म्हणून अंगठ्याने घासून दाबला तो मीच. त्या घासण्यात खालचं चपटं बटण सरकलं आणि झाकलं गेलं. तीन आठवडे मी लिनक्सला शिव्या घालत होतो, कार्ड बनवणाऱ्याला घालत होतो, गणूलाही घातल्या. नखाने लाभ खरवडला, बटण सरकवलं आणि एक निळा दिवा लागला. पडद्यावर आजूबाजूच्या बिल्डिंगांतली सात नेटवर्कं भराभर आली, त्यात आमचंही.

मी शांतीला हाक मारणार तेवढ्यात ते पत्र पुन्हा डोळ्यांसमोर आलं. मामा? गटावर मला सगळे काका म्हणत, कुणी सर म्हणे. मला बहीण नाही, त्यामुळे भाचा नाही. या जगात मला मामा म्हणायचा हक्क एकाच माणसाला आहे, मुलीच्या नवऱ्याला. आणि आमच्या घरी लाभ कशाकशाला चिकटतो, हे कुठेतरी लांब बसलेल्या गणूला कोण सांगणार? तू घाईत होतास, आनंदात होतास, आणि तीन आठवडे सांभाळलेला शब्द निसटला. मी स्वयंपाकघरात जाऊन शांतीला विचारलं की गणू कोण. ती पोळी उलटत म्हणाली, ‘त्याचे आज्याचा नाव हाय ते. आपला जावय हाय तो. तुमी नाय बोललाव म्हणून तो जावय नाय काय?’ म्हणजे तिला ठाऊक होतं, वसूला होतं, आणि कल्पेशने तर पत्ता देतानाच सगळं ठरवलं होतं. एकटा मीच पडद्याकडे बघत बसलो होतो. मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, आला नाही. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ धुतलं.

ज्या माणसाला मी पाणी विचारलं नाही, त्याने माझं नाव पहिल्या दिवशीच वाचलं होतं. त्याला उत्तर न देण्याचा पूर्ण हक्क होता. निदान एकदा तरी टोमणा मारायचा. तू तेही केलं नाहीस. मी चिडलो त्या दिवशीसुद्धा नाही. कुमार, तुझे आभार मी कोणत्या तोंडाने मानू, हे मला सहा महिने कळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लावून आम्ही मनस्वीला बघितलं. बघितलं ते शांतीने. मी पडद्याच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही असा बसलो होतो. तिकडे तूही समोर आला नाहीस. पोर तोल जाऊन मागे पडायला लागली की एक रुंद पंजा बाजूने यायचा आणि तिची पाठ धरायचा. गेले सहा महिने दर रविवारी हेच. इकडे मी कडेला, तिकडे तू कडेला, आणि मधे दोघी बायका आणि एक पोर खुशाल बोलतायत. वसू कधी म्हणाली नाही की बाबांना बोलवा. पण ती पोरीला नेहमी थोडी डावीकडे वळवून धरते, मी बसतो त्या बाजूला. माझी मुलगी आहे, तिला सगळं कळतं.

गेल्या रविवारी मनस्वी चालली. चार पावलं. शांती टाळ्या वाजवायला लागली आणि पोर पडद्यातून बाहेर गेली, तुझ्याकडे. मग काय झालं ते मला दिसलं नाही. फक्त तू मोठ्याने हसलास ते ऐकू आलं. जावयाचं हसणं मी चार वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. माझी नात चालत कुठे पोचली ते मला दिसू नये, अशी सोय मी स्वतःच करून ठेवली होती. ती मला सहन झाली नाही.

हा अधिक महिना चालू आहे. या महिन्यात जावयाला घरी बोलावून वाण द्यायचं असतं, हे मी तुला सांगायला नको. शांतीने अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले तेव्हा मी तिला म्हटलं, बोलवायचं नाही. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, ज्याला दारातून घालवला त्याला परत याच दारात ये म्हणायला मला तोंड नाही, आपणच जाऊ. काल दुपारी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की मी माझ्या जावयाकडे वाण घेऊन चाललोय. काशिरामदादाने भात कालवला, एक घास खाल्ला आणि म्हणाला, ‘मंग रिक्शानं कशाला जातंस, माजे गारीनं जा.’ तर रविवारी, दोन मे रोजी, सकाळी दहाला आम्ही दोघं रोडपालीला तुझ्या दाराशी येऊ. ताटात तेहेतीस अनारसे असतील. चंद्रावतीबाईंना मोऱ्याहून बोलावून घे, मला त्यांचीही माफी मागायची आहे, आणि ती तोंडावर मागायची आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर ताट पायरीवर ठेवून आम्ही परत येऊ, आणि मला राग येणार नाही, कारण परत पाठवलेलं ताट कसं दिसतं हे मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायला हवंच. पण उघडलंस, तर पोरीला कडेवर घेऊन येऊ नकोस. तिला खाली सोड. ती चालत माझ्याकडे येते का, ते मला समोर बसून बघायचं आहे.

तुझाच सासरा,
भगवान