बॅगेतली एक चप्पल

वहिनी,

मी श्रीपूरला निघाले. सकाळची शिफ्ट आहे. कारखान्याच्या लॅबमध्ये बदलून मिळाली असती, पण मी मागितलीच नाही. विमानतळाची गाडी दारात आली की सृष्टी गळ्यात पडेल, आणि मला ते आता झेपणार नाही.

पासपोर्ट वरच्या कप्प्यात आहेत. विमान खाली उतरायला लागलं की मल्हारला पाजा, झोपला असला तरी उठवून. गिळत राहिला की कान दुखत नाहीत.

मोठी बॅग तीनदा काट्याला लावली. यादीप्रमाणे भरूनही दोनशे ग्रॅम जास्तच. कंटाळून सगळी उपसली, तर शेंगाचटणीच्या डब्याखाली माझ्या चपला. सृष्टीला विचारलं, तर म्हणते, "चपला मस्कतला गेल्या की आत्याला यावंच लागतंय की!"

एक चप्पल काढली. आता बरोबर तीस किलो भरतंय. दुसरी तशीच ठेवलीय, काढू नका. मी कामाचे बूट घालून गेलेय.

तिकडं पोचल्यावर सृष्टीनं शोधली तर सापडू द्या. जोडीची कुठंय विचारलं तर सांगा, आत्यानं जपून ठेवलीय.

– पायल