धोरण की तोरण

शुक्रवार, १४ मार्च २००३. आसनगाव.

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पक्षाच्या शहापूर कार्यालयात मला कळलं, की धोरण समितीच्या निवडणुकीसाठी भरलेला माझा अर्ज 'तोरण समिती'च्या फायलीत गेला आहे. अधिवेशनाची कमान सजवणाऱ्या बायकांत. सचिव हसत म्हणाले, "मॅडम, एका अक्षराची तर चूक. आणि सजावट बायकांनाच जमते." मी म्हटलं, "वाचन तुम्हाला जमत नाही, त्याचं काय?" जरा जास्त झालं का? नाही.

पण घरी आल्यापासून हिराबाईच आठवते आहे. माझी सूचक. उंबरमाळीच्या पाड्यावरून मजुरी बुडवून आली आणि अर्जावर अंगठा उठवला. मी विचारलं, "धोरण म्हणजे काय, ठाऊक आहे ना?" अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाली, "नाय गो बाय. पन आमच्या पाड्याला पानी नाय, ते तू तिथं बोलशील. मंग झाला." कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी कुठल्याच शब्दाचा अर्थ इतका सोपा करून सांगितला नव्हता. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मला कामाची समजणारी ही पहिलीच. तिचे उपकार कसे फेडू?

तो अंगठा तोरणासाठी नव्हता. उद्या सचिवांना पत्र देऊन पोच घेणार. शेवटचं वाक्य ठरलं आहे: माझं नाव धोरण समितीच्या उमेदवारांत घातल्याचं, हिराबाईला वाचून दाखवता येईल असं लेखी उत्तर मला सोमवारी, १७ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत हवं.