फुकटची पेटी आणि ओरडायला माणूस

ती. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनाही नमस्कार सांगा.

तर मामा, आमच्या ऑफिसातलं सगळं इंटरनेट ज्या पेटीतून जातं, ती नामांकित कंपनीची पेटी म्हातारी झाली. नवीची किंमत ऐकून साहेबांना घाम फुटला. मी म्हटलं, मी आहे ना! अडगळीतला जुना कॉम्प्युटर उचलला (कंबर तिथेच गेली), त्यावर जगभरच्या भल्या माणसांनी लिहून फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर चढवलं, आणि सात महिने तो असा चालला की तो आहे हेही कुणाला कळलं नाही. बिनबोभाट चालणाऱ्याचं कौतुक कोण करतो हो?

गेल्या मंगळवारी मी दाढ काढायला गेलो आणि नेमकं इंटरनेट गेलं. पेटीचा काडीचा दोष नव्हता. फरशी पुसताना ऑफिसात सफाईला येणाऱ्या मावशींच्या हातून वायर निसटली होती. पण साहेबांनी ओरडायला फोन उचलला, तर ओरडायचं कुणावर तेच कळेना. जुन्या पेटीवर कंपनीचा नंबर असायचा, माझ्या पेटीवर नुसती धूळ. शेवटी मला लावला. माझं अर्धं तोंड बधिर! मी जीव तोडून 'आधी वायर बघा' असं सांगतोय, आणि साहेबांना वाटलं मी रडतोय. बिचाऱ्यांनी शिव्या आवरत्या घेतल्या. आणि मामा, अर्धवट राहिलेली शिवी माणसाला फार जाचते.

आता म्हणतात, सोमवारी ही पेटी काढायची, कंपनीचीच आणायची. मी विचारलं, तिच्यात जास्त काय आहे? "तिच्यामागे माणूस असतो." म्हटलं, साहेब, हिच्यामागे मी आहे की! "तू दाढ काढायला जातोस." घ्या! (जुन्या कंपनीवाले तासभर संगीत ऐकवून 'बंद करून चालू करा' एवढंच सांगायचे, पण साहेब पोटभर ओरडून घ्यायचे, मग त्यांना जेवण गोड लागायचं.) हसू नका मामा, सात महिने जिवापाड जपलीय, पोटात तुटतं.

तुमचा लाडका (असं मामी म्हणतात) भाचा

ता. क. पत्र सहजच लिहिलं, काम काही नाही.

ता. क. २. एवढंच, की पेटीवर मी झकास स्टिकर लावलाय, 'तांत्रिक मदत, चोवीस तास', आणि खाली तुमच्या घरचा नंबर. साहेब ओरडले तर निमूट ऐकून घ्या.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं. सोमवारी पेटी काढायला गेलेल्या साहेबांनी स्टिकर पाहून त्या नंबरवर फोन केला, तो मामींनी उचलला म्हणे. तेव्हापासून साहेब कुणावरच ओरडलेले नाहीत, आणि पेटी राहू दे म्हणाले. मामी नेमकं काय बोलल्या, तेवढं उलट टपाली कळवा.